दिसत नव्हती ती जखम

त्या वर्षी देवाशी माझा अबोला होता. सवयीने हात जोडायची, पण मनात एकच तक्रार असायची. माझा माणूस जिवंत ठेवलास, मग मला परत का नाही दिलास?

एप्रिलमध्ये कूलरला नवा वाळा लावायला हे स्टुलावर चढले आणि तोल जाऊन मागे पडले. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. रक्ताचा थेंबही आला नाही. स्वतःच उठले, हसले, म्हणाले, "काही नाही झालं वं, चहा टाक." दुपारी डोकं दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. मला वाटलं, ऊन लागलं. मी पन्हं दिलं, पडदे ओढले आणि झोपवलं. तासाभराने हाक मारली तर डोळे उघडेनात.

कवटीच्या आत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, दीड महिन्याने हे घरी आले. टाके सुकले, केस वाढले. पण जरीपटक्यातल्या आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता बोलता जेवण विसरणारा माणूस आता गप्प बसायचा. बाजाराचा आवाज पाच मिनिटं सहन होत नसे. एकच गोष्ट चारदा विचारायचे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून एकदा ताट भिरकावलं आणि मग स्वतःच रडत बसले. नातेवाईक म्हणायचे, "दिसायले तर चांगला आहे, दुकानात काहून जात नाही?" मी काय सांगणार? त्या दुपारी यांना मीच झोपवलं होतं, हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं. समोर बसलेल्या यांच्याकडे पाहून मला यांचीच आठवण यायची.

सासूबाईंच्या आग्रहाखातर एका गुरुवारी धरमपेठेतल्या दत्ताच्या देवळात गेलो. आरती सुरू झाली, झांजा वाजू लागल्या, आणि हे कान दाबून ओरडले. पुढच्या माणसाला धक्का लागला. कुणीतरी म्हणालं, "पिऊन आला वाटते." मला धरणी दुभंगावी असं झालं.

तेवढ्यात नऊवारीतल्या एका वयस्कर बाईंनी यांचा हात धरला आणि आम्हाला बाहेर पिंपळाखाली नेलं. यांना बसवलं, पाणी दिलं. मग हळूच मला विचारलं, "डोक्याले मार लागला होता का यांच्या?"

मी थक्कच झाले. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

"माही पोरगी स्कूटीवरून पडली होती," त्या म्हणाल्या. "हे मुद्दाम करून नाही राहिले वं. जखम आत आहे, दिसत नाही एवढंच. गर्दीत नेऊ नको. एका वेळी एकच गोष्ट सांग. आणि डॉक्टरले हे सारं सांग, यावरही उपचार असतात."

मी पन्ह्याचं सांगून टाकलं. रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "तुले मालूम नव्हतं. आता मालूम झालं, तर चार जणींले सांग." काटोलची बस गाठायची म्हणून त्या उठल्या. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पुढे कित्येक गुरुवार मी त्यांना शोधलं, त्या दिसल्या नाहीत.

मी सांगत राहिले. भजनी मंडळात, किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, गुंगी आली, तर घरी झोपवू नका, लगेच दवाखान्यात न्या. हेल्मेटचा पट्टा लावा. आणि बरा झालेला माणूस बदललेला वाटला, तर त्याला नावं ठेवू नका. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू न्हाणीत पडल्या, डोक्याला मार लागला. त्यांच्या सुनेला माझं बोलणं आठवलं आणि ती त्यांना घेऊन थेट दवाखान्यात धावली. काकू आज चालत्या-बोलत्या आहेत.

उपचारांनी यांचा राग कमी झाला, सकाळी तासभर दुकानातही बसतात. जुनं बोलणं मात्र परत आलं नाही. परवा संध्याकाळी अंगणात बसलो होतो. त्या जुन्या बोलण्यासाठी मी कान देऊन बसते, हे यांच्या लक्षात आलं असावं.

"कोणाची वाट पाहून राहिली?"

"तुमचीच," माझ्या तोंडून निघून गेलं.

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मी तर इथंच आहो."

दत्तगुरूंकडे मागायचं त्या क्षणी संपलं. हुरहूर अजून आहे, ती राहीलही. पण आता हात जोडते तेव्हा तक्रार येत नाही. जे दिलंत, जसं दिलंत, ते ओळखायची नजर तेवढी राहू द्या, एवढंच म्हणते.