कराड यायच्या आत साडी

लग्नानंतरची वीस-एक वर्षं मी सासरी ज्या ज्या साडीत उतरले, त्यातली प्रत्येक साडी रेल्वेच्या संडासात नेसलेली होती. नाक मुरडू नका. हलत्या गाडीत, एका हाताने नळाला धरून, पाच-सहा निऱ्या सरळ घालून दाखवा आणि मग बोला.

माझं माहेर साताऱ्याचं. नवरा फौजी, त्याचं गाव इस्लामपूरच्या पुढे, उसातलं. पोस्टिंग कधी जबलपूर, कधी पठाणकोट. तिकडे मी पंजाबी ड्रेस घालायची. कॉलेजपासून तोच माझा आवडता. मॅचिंग ओढणीसाठी मैत्रिणीला घेऊन साताऱ्यातली सगळी पेठ पालथी घालायची आणि शेवटी पहिल्याच दुकानातली ओढणी आणायची. लग्न ठरलं तेव्हा आईनं माझे ड्रेस आवरून ठेवले. ते मी गुपचूप बॅगेत भरले आणि तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.

सुट्टीला गावी यायचं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. गाडी साताऱ्याला थांबायची, तिथपर्यंत मी ड्रेसमध्ये. सातारा सुटलं की पिशवी उचलायची आणि आत जायचं. हे बाहेर दाराला पाठ लावून पहाऱ्याला उभे. "कोरेगाव गेलं गं." थोड्या वेळानं, "रहिमतपूर गेलं." मसूर म्हटलं की माझ्या हातापायाला घाई सुटायची. कराडला उतरायची ती डोक्यावर पदर घेऊन, घरंदाज सून. पुढे एसटीनं गाव. साताऱ्यापर्यंत लेक आणि कराडपासून सून, असा माझा हिशेबच होता.

आता गंमत अशी, की हे कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पण फाटकात सासूबाई उभ्या असायच्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या म्हणजे उंचपुऱ्या, काळ्याभोर, इरकली नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसलेल्या, कमरेवर हात. आधी मला वरपासून खालपर्यंत बघायच्या, मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायच्या, मग म्हणायच्या, "या." त्या बघण्यानंच माझं अर्धं रक्त आटायचं. ड्रेस घालून त्यांच्यापुढे जायची माझी काय छाती!

आवड मात्र एका जागी कुठे थांबते? पठाणकोटला एका दिवाळीला क्वार्टरमधल्या सगळ्या बायका चमकीच्या साड्या नेसून आल्या, आणि मी नेसले होते आत्यांनी आहेरात दिलेली साधी इरकल. सगळ्या माझाच पदर हातात धरून बघत बसल्या. तेव्हापासून मला साडीची गोडी लागली. म्हणजे बघा, तिकडे असले की साडी नेसावीशी वाटायची आणि गावाला आले की ड्रेसची आठवण यायची. चाळिशीनंतर भडक रंग नकोसे झाले, फिकट सुती आवडायला लागलं. आता पुन्हा भडक आवडतात. का, ते विचारू नका.

हे रिटायर झाले आणि आम्ही गावातच घर बांधून राहिलो. तोवर गावच बदललं होतं. बायका घरात गाऊन घालायला लागल्या होत्या. आमच्या भागातल्या बायकांनी एक पद्धत काढली आहे, गाऊनवर खांद्याला टॉवेल. पाहुणा आला की टॉवेल डोक्यावर, गेला की परत खांद्यावर. मीही तेच करू लागले. आत्या म्हणायच्या, "काय गं, पोती घालून हिंडताय समद्या?" पण हसून म्हणायच्या. स्वतः मात्र लुगडं सोडलं नाही. पहाटे अंघोळ, कासोटा, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण, आणि दुधाची किटली घेऊन डेअरीला. डेअरी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथं त्या तासभर रेंगाळायच्या. गावातल्या सगळ्या भानगडी तिथून घरी यायच्या.

ड्रेस मी तरीही बाहेर काढले नाहीत. फौजेतल्या काळ्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवले. एकदा पुण्याहून लेक जीन्स घालून आली. मी मनातून हरखले, म्हटलं आता होऊ दे तमाशा. आत्यांनी तिच्या मांडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कापड दांडगं हाय गं. धसकटात घातली तरी फाटायची न्हाई." बस, एवढंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नातीला सगळं माफ, आणि मी आयुष्यभर संडासात साड्या नेसत आले.

मागच्या वर्षी आत्या गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टर तरुण होता, पण स्पष्ट बोलला. म्हणाला, "ऑपरेशन चांगलं झालंय. आता चालणं त्यांच्या हातात आहे. हे दोन-तीन महिने चालल्या तर चालतील, नाहीतर पुन्हा उठणार नाहीत." येताना हे गाडी चालवत होते. मी मागे आत्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला भीती वाटत होती, खरं सांगते. ती बाई अंथरुणात हे मला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हतं.

लुगडं नेसणं शक्य नव्हतं. नऊवार आवरायला वाकावं लागतं, कासोटा मागे ओढून खोचावा लागतो, आणि वाकायला डॉक्टरांची मनाई. मग गाऊन आणले. चांगले सुती, अंगभर, बटणाचे. आत्यांनी मुकाट्यानं घालून घेतले. आणि खोलीचं दार लावून घेतलं.

व्यायाम शिकवायला इस्लामपूरहून एक मुलगी स्कूटीवर यायची. तिच्यासमोर आत्या पलंगावर बसून पाय वर-खाली करायच्या, पण वॉकर धरून उंबऱ्याबाहेर या म्हटलं की भिंतीकडे तोंड. "उद्या बघू." बाथरूमपर्यंत जायच्या, तेही माझ्या दंडाला इतकं घट्ट धरून, की वळ उठायचे. यांनी विनवण्या केल्या. "आये, दारापातूर तरी चल की गं." फौजेत जवानांना पळवणारा माणूस आईपुढे रडकुंडीला आला. लेकीनं फोनवरून लाडीगोडी लावून बघितली. डेअरीतल्या बायका भेटायला आल्या, तर आत्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि झोप लागल्याचं सोंग केलं.

दिवस जात होते. त्यांचा तो पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसायला लागला. व्यायामवाली मुलगी मला बाहेर बोलावून म्हणाली, "काकू, असंच राहिलं तर अवघड आहे."

माझा स्वभाव तापट. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि तोंड सुटलं. "आवं आत्या, किती दिवस असं चालायचं? सगळं गाव गाऊन घालतंय. सरपंचांची आई घालते, मी घालते. तुम्हालाच कसली एवढी लाज? लोक काय म्हणतील म्हणून पडून राहायचं? राहा मग! मी बघते तुमच्याकडे जन्मभर, मला काय!"

त्यांनी ऐकून घेतलं. मग गाऊनचं टोक मुठीत धरून म्हणाल्या, "लोकांचं न्हाई गं."

"मग?"

"ह्यात पाय उघडं वाटत्यात. जलमभर कासोटा मारून चालले मी. बांधावनं, पाटावनं, कुठंबी. ह्यात खालनं समदं मोकळं. पाऊल टाकाया गेले की जीव घाबरा हुतो." गाऊन घोट्याकडे ओढला. "गोठ्यात पडले तवा चार गड्यांनी उचलली मला. पाय ह्यो असा झालाता. पर कासोटा हुता म्हणून लाज ऱ्हायली. आता ह्या पोत्यात पडले, तर समद्यांम्होरं उघडी पडीन मी."

मी खाली पलंगाच्या कडेला बसले. रडू आलं. महिनाभर आम्ही सगळे त्यांच्या पायाचं बघत होतो, आणि ही म्हातारी त्या पायांच्या अब्रूचं बघत होती. ती गाऊनला भीत नव्हती, पडण्याला भीत होती. पडल्यावर कशी दिसेन, याला भीत होती.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन्ही पाय वेगळे, घोट्यापर्यंत झाकलेले, पडली काय नि उठली काय, जागचं न हलणारं. असं कापड तर माझ्या ट्रंकेत होतं!

ट्रंक उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. मोरपंखी रंगाची सुती सलवार काढली, चांगली घोळदार. नाडी जखमेवर दाबली असती म्हणून काढून टाकली, मशीनवर बसून सैलसं इलॅस्टिक घातलं. कुर्ता मात्र आत्यांच्या मापाचा एक जुना सापडला, शिवला तेव्हा मला ढगळ झाला म्हणून तसाच पडलेला. घेऊन गेले. त्यांच्यापुढे ते कपडे धरताना मला परत मसूर आल्यासारखं वाटलं.

आत्यांनी सलवार हातात घेतली. उलटीपालटी केली. पाय वेगळे करून बघितले, मधे हात घालून शिवण ओढून बघितली. मग म्हणाल्या, "हीच न्हवं गं? गाडीत बदलायचीस ती?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दोन दिस गाडीत बसून आल्याली बाई, आन निऱ्या पापडागत कडक! बाकीच्या लेकीसुना येत्यात त्यास्नी बघत न्हवते व्हय मी? चुरगाळून बोळा झाल्याला असतो."

"मग बोलला का नाही? वीस वर्षं मी त्या घाणीत..."

"तू इचारलंस कवा?"

खरंच, कधी विचारलं होतं?

आत्या खिडकीकडे बघायला लागल्या. "आन खरं सांगू का, तू भ्यायचीस ते मला बरं वाटायचं. ह्या घरात मला कोण भ्यालंय? सासू न्हाई, नवरा न्हाई, पोरगं तर बंदुकवाला. येक तूच हुतीस. फाटकात हुबी ऱ्हायले की तुझं तोंड बघून वाटायचं, आपुनबी कोणतरी हाय." आणि माझ्या गुडघ्यावर थापट मारून म्हणाल्या, "तरास दिला गं तुला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी हसत सुटले, आणि त्याही हसायला लागल्या, खुबा धरून. "हसवू नगं बया, टाके दुखत्यात," म्हणत होत्या. टाके तर कधीच निघाले होते.

मग अट घातली. "येकटी न्हाई घालायची मी. तूबी घाल. तुझ्याकडं बघत्याली, माझ्याकडं कोण बघंना मग."

बाकीच्यातला एकही कुर्ता मला होईना. दंडातच अडकायला लागले. शेवटी दोन्ही बाजू उसवून, आत ब्लाउजपीसचं कापड जोडून एक कसाबसा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. आत्यांनी कुर्त्यावर इरकलीचा जुना तुकडा पदरासारखा डोक्यावरून घेतला होता. उंबऱ्याशी थांबल्या. खाली आपल्या पायांकडे बघितलं, एक पाय जरा हलवून बघितला, आणि वॉकर पुढे टाकला. हे अंगणात घमेलं घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले.

फाटकापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या पुढे. आठवडाभरानं डेअरी. तिथं एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आवं काकी, पंजाबी?" आत्या म्हणाल्या, "व्हय तर! पठाणकोटची सून केलीया, वाण न्हाई पण गुण तर लागंल का न्हाई?" सगळी डेअरी हसली. मग कापड कुठलं, इलॅस्टिक कुणी घातलं, याची चौकशी सुरू झाली. गुडघेदुखीवाल्या दोघी-तिघींना मी नंतर सलवारी शिवून दिल्या, हे जाता जाता सांगते.

परवा माझ्या भाच्याचं लग्न झालं साताऱ्याला. आत्यांना घेऊन गेलो. आता वॉकर सुटलाय, हातात काठी असते. लग्नात त्यांनी हट्टानं लुगडं नेसलं. मी कासोटा खोचून दिला, आणि त्या कशा झोकात दिसत होत्या म्हणून सांगू! येताना मात्र परत सलवार. मीही ड्रेस घातला होता, नवा, माझ्या मापाचा, गुलबक्षी रंगाचा. पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभत नाही असं माझ्या बहिणीचं मत. असू दे.

कराडला हायवेवर चहाला गाडी थांबवली. आत्यांनी पाटी वाचता येत नसूनही गाव बरोबर ओळखलं. मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "ए, कराड आलं. बदलायचं हाय का?"

हे पुढच्या सीटवर खो खो हसले. मी आत्यांना चापट मारल्यासारखं केलं आणि हात द्यायला खाली उतरले. त्यांनी माझा हात घेतला नाही. काठी टेकली, आधी बरा पाय, मग दुसरा, आणि एकट्याच टपरीकडे चालायला लागल्या. धुऊन धुऊन सलवार आटली होती, घोट्याच्या वर चढली होती. मी मागून हाक मारली, "आवं आत्या, थांबा, सलवार वर गेलीय. पाय दिसतायत."

त्या थांबल्या नाहीत. वळूनही बघितलं नाही.

"दिसंनात का," म्हणाल्या. "चालत्यात न्हवं?"