टेबलाखालची टोपली

"फूल डोळ्यासाठी नसतं, नाकासाठी असतं," हे रहाटणीच्या सोनबाचं ठेवणीतलं वाक्य. बैलबाजारातसुद्धा तो हेच म्हणायचा, आणि दलाल डोकं खाजवायचा. बैलाच्या बाबतीत याचं काय करायचं ते त्याला उमगत नसे.

पवनेच्या काठी सोनबाचा गावठी गुलाबाचा ताटवा होता. फूल फिकं, पाकळ्या विस्कटलेल्या. पण सकाळचा वारा सुटला की पलीकडच्या काठावर पाणी भरणाऱ्या बाया घागर खाली ठेवून घटकाभर उभ्या राहायच्या.

थोरला ज्योतीराम पिंपरीच्या कारखान्यात लागला होता. कारखान्यामागं माणसं येत होती, माणसांना खोल्या हव्या होत्या. "आबा, ताटव्याच्या जागेत आठ खोल्या बसत्यात," असं त्यानं वर्षभर घोकलं. शेवटी छप्पन सालच्या फाल्गुनात बापलेकांची पैज लागली. पुण्यातल्या जुन्या बागेत गुलाबांचं प्रदर्शन भरणार होतं. बक्षीस मिळालं तर ताटवा राहील. नाही मिळालं तर कुदळ.

सोनबानं फुलं खुडली ती देवासाठी खुडतात तशी, देठ बोटाच्या पेराएवढा. फुलासाठी फांदी कापणं म्हणजे दुधासाठी गाय कापणं, असं त्या घरात मानत. टोपलीवर ओलं फडकं टाकून दोघं पिंपरीहून गाडीनं निघाले.

बागेत पाहतात तर पांढऱ्या चादरीच्या टेबलांवर बाटल्या मांडलेल्या. बाटलीत एकेक गुलाब, हातभर दांड्यावर फौजदारासारखा ताठ. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर गुलाबाची जात म्हणून कुठल्यातरी गोऱ्या मडमेचं नाव.

परीक्षक यशवंतरावांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "दांडे कुठं आहेत?"

"झाडावर हायती," सोनबा म्हणाला.

"दांड्याला चाळीस गुण असतात."

"आन् वासाला?"

यशवंतरावांनी कागद चाळला. "दहा."

टोपली बाद झाली. पायात येऊ नये म्हणून कारकुनानं ती टेबलाखाली सरकवली. त्याच टेबलावर बंगल्यात राहणाऱ्या विमलबाईंचा गुलाब होता, कुंकवासारखा लाल आणि कुंकवाइतकाच बिनवासाचा.

निकालाच्या वेळी यशवंतराव नेमके तिथं थांबले. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला. "असा सुगंध तीस वर्षांत घेतला नाही," ते म्हणाले. "दहापैकी दहा."

मंडळींनी रांगेनं येऊन बाटलीत नाकं खुपसली आणि माना डोलावल्या. विमलबाई लाजल्या. आपल्या गुलाबाला वास येतो, हे त्यांनाही आजच कळत होतं. पहिलं बक्षीस त्यांनाच गेलं.

ज्योतीरामनं टेबलाखाली पाहिलं, मग बापाकडं.

"आबा, सांगा की त्यास्नी."

"मी कशाला सांगू? नाक त्यांचं हाय." सोनबानं वाकून टोपली ओढली. "शब्द म्हंजी शब्द. उद्या कुदळ लाव."

"कुदळ मोडलीया."

"काल तर धड व्हती."

"आज मोडली."

सोनबानं लेकाकडं जरा निरखून पाहिलं. मग टोपली डोक्यावर घेतली आणि सावकाश फाटकाची वाट धरली. ज्योतीराम मागून बघत राहिला.

बघत राहिले यशवंतरावही. एका पाहुण्याला दाखवायला त्यांनी बक्षिसाचं फूल पुन्हा नाकाशी नेलं होतं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि ते तसंच हातात धरून त्यांनी हळूहळू फाटकाकडं तोंड वळवलं.