सर्व्हरची खंडेनवमी

शेजारच्या माधवरावांनी दोन जुने संगणक जोडून घरचा सर्व्हर केला आहे. एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो, हे ते पाहुण्यांना चहा गार होईपर्यंत समजावतात. बंद करून मात्र कधी दाखवत नाहीत.

खंडेनवमीला वहिनी झेंडूचा हार घेऊन उभ्या राहिल्या. "आज हत्यार चालवायचं नसतं. बंद करा."

"अगं, तुझी गाणी यावरूनच वाजताहेत!"

"मग दुसरा उचलेल की!"

माधवरावांनी डोळे मिटून बटण दाबलं. स्वयंपाकघरातलं गाणं अडखळलं आणि पुढे वाजू लागलं. माधवराव टाळ्या पिटत नाचलेच.

यंत्रावरच्या भरवशाची भाषणं पुष्कळ ऐकली. यंत्राला सुट्टी देण्याची हिंमत मात्र त्या सकाळीच पाहिली.

"त्यात काय एवढं?" हार घालत वहिनी म्हणाल्या. "मी माहेरी गेले की घर असंच चालतं. थोडं अडखळत."