आवाज पोचला का?

प्रत्येक रेकॉर्डिंग संपलं की हेडफोनची एक वाटी कानामागे सारून ती विचारायची, "पोचला का आवाज?" मी समोरच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसलेलो असायचो. तरी विचारण्याचा ढंग असा, की मी जबलपूरला आहे आणि मधे नुसत्या तारा लोंबताहेत.

"एकदम क्लिअर, ताई," मी म्हणायचो. मगच ती उठून पंखा लावायची.

नोकरी सुटली तरी नोकरीची सवय न सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. जन्म महूचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, हिच्या वाट्याला हेडफोन आला. जुन्या काळी तुमच्या घरून कोणी इंदूरमार्गे ट्रंक कॉल लावला असेल, तर "होल्ड रखिए, बात कीजिए" हे कदाचित तिच्याच तोंडून ऐकलं असेल. ऑफिसात सगळे तिला ताईजी म्हणायचे. मी महाराष्ट्रातून आलेला, म्हणून नुसतं ताई. ती मला भिया म्हणायची, म्हणजे इंदुरी भैया.

आमची संस्था माळव्यातल्या माती-पाण्यावर संशोधन करते. अहवाल इंग्रजीत, वेबसाइटवर टाकलेले, आणि ते उघडणारे बहुधा लिहिणारेच. वेबसाइट माझ्याकडे होती. अहवालातली मुख्य गोष्ट सोप्या मालवीत बोलून लोकांच्या मोबाइलवर पोचवायची, असं ठरलं आणि आवाजासाठी ताई आली.

स्टोअररूमच्या भिंतींना जुन्या गाद्या लावून आम्ही रेकॉर्डिंगची खोली केली होती. पंखा बंद, घामाच्या धारा, आणि ताईच्या गालात ज्येष्ठमधाची काडी. "ही मुलेठी आहे म्हणून पेन्शनपर्यंत पोचले," ती म्हणायची. "बाकी साहेब लोकांनी ओरडून ओरडून माझे कान खाल्ले, पण गळा शाबूत आहे."

अहवाल हातात आला की तिचं पहिलं भांडण संशोधक मॅडमशी.

"'पेयजल के लिए अनुपयुक्त हो सकता है' म्हणजे काय? प्यायचं की नाही?"

"ताईजी, रिपोर्ट में इतना ही कह सकते हैं."

"तुम्ही इतनाच म्हणा. पण मग बाईनं काय करायचं, ते कोण म्हणणार?"

रेकॉर्डिंग घेऊन ती इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्यांजवळ बसणाऱ्या एका भाजीवालीकडे जायची. आधी मेथी घ्यायची, मग मोबाइल तिच्या कानाला लावायची. भाजीवाली हात न थांबवता ऐकायची. तिला कळलं नाही, तर ताई दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पंखा बंद करायची. ताईच्या घरी त्या काळात मेथी फार व्हायची म्हणे.

सांवेरकडच्या एका गावाचा अहवाल आला. शेतातलं खत झिरपून बोअरच्या पाण्यात नायट्रेट उतरलं होतं. ताईनं मॅडमना गाठून तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त धोका. हे पुस्तकात आहे, सगळ्या जाणकारांना माहीत आहे, फक्त या अहवालात लिहिलेलं नाही.

ताईनं ते शेवटी जोडलं. "उबालवा से यो पाणी नी सुधरे. नाना बच्चा के मत पिलावजो." उकळून हे पाणी सुधारत नाही, तान्ह्या बाळाला पाजू नका.

ते वाक्य मी कापलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी इतकी वर्षं कुणालाच बोललो नव्हतो, म्हणून नीट लिहितो. ना संचालकांचा फोन, ना सरपंचाची धमकी. प्रकल्पाला मुदतवाढ मिळायची होती. 'अहवालात नाही ते तुमच्या वेबसाइटवर कसं?' असं मुदतवाढ देणाऱ्या समितीत कोणी विचारलं तर, एवढीच भीती. पाणी खराब आहे, इथपर्यंत ठेवलं आणि पुढचं काढलं. चहा थंड व्हायच्या आत झालं ते काम.

ताई बसनं त्या गावात जाऊन बायकांच्या मोबाइलवर ते रेकॉर्डिंग टाकून देऊन आली. मोबाइल त्यांच्या हातात देऊन म्हणाली, मी यात सांगितलंय तसं करा. आपण काय सांगितलं ते तिला पाठ होतं. मी काय ठेवलं ते तिनं ऐकलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

"त्या गावातलं एक बाळ गेलं, भिया. निळं पडलं होतं म्हणतात. आईला दूध नव्हतं, पावडरचं पाजत होती. आजी म्हणते, आपने बोला पानी ख़राब है, तो बहू दुगुना उबालने लगी." मग हळूच, "माझं शेवटचं वाक्य कुठाय?"

डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं नव्हतं, बाळ आधीपासून अशक्त होतं, असं नंतर कळलं. ते मी पुष्कळ दिवस धरून बसलो. पण त्या क्षणी मी जे बोललो त्याला असा काही आधार नाही.

"शेवटी तुमचा आवाज खाली गेला होता, ताई. हळू आवाज सॉफ्टवेअर गोंगाट समजून काढून टाकतं."

तिनं गळ्याला हात लावला.

"खाली गेला?"

"थोडासा."

"आणि मी विचारलं नाही तुला?"

ती स्टोअररूममध्ये गेली, पंखा बंद केला आणि म्हणाली, "लाव." ते वाक्य ती ओरडून बोलली. रेकॉर्डिंगमध्ये तिथं आवाज फाटला. वेबसाइटवर मी तेच चढवलं. खाली एकानं लिहिलं, मैडम तो गुस्सा हो गईं.

त्यानंतर ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "माझा आवाज गेला रे. आता तरुण पोरगी बघा कुणी." बोलणं लख्ख ऐकू येत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, तब्येत सांभाळा.

यंदा ती वारली. महूला गेलो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो होता, एक्स्चेंजमधला, कानाला हेडफोन. मुलगी चहा देता देता सांगू लागली, "आई शेवटी शेवटी घरातसुद्धा ओरडून बोलायची. दूधवाल्यालाही विचारायची, पोचला का आवाज? आम्ही हसायचो. मग ती सांगायची, हसू नका, माझ्या आवाजापायी एक लेकरू गेलं."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. तिथंही बोललो नाही.

इंदूरला परतल्यावर आधी तिच्या मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मग मूळ रेकॉर्डिंग शोधलं. ते मी कधीच पुसलं नव्हतं. आता वेबसाइटवर तेच आहे, अखंड, तुम्हीही ऐकू शकता. ते वाक्य ठणठणीत आहे, शेवटच्या शब्दापर्यंत. पुढचंही मी ठेवलंय. खुर्ची करकरते. हेडफोन सरकल्याचा आवाज येतो.

"पोचला का आवाज?"

आणि लगेच, जवळून, माझा:

"एकदम क्लिअर, ताई."