गयामावशीची शेगडी

बाळाला हात लावण्याआधी गयामावशी आपले तळवे शेगडीवर धरायची आणि मग ते स्वतःच्या गालाला लावून बघायची. गालाने होकार दिला तरच बाळ मांडीवर. मी शाळामास्तर; मी घाई केली की म्हणायची, "मास्तर, शाळंत तुमी, न्हाणीत मी." तिचा नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ आणि ही घरोघर बाळंतिणींच्या खोल्यांत न्हाऊमाखू घालत, असे चाळीस हिवाळे तिने धारूरजवळच्या आमच्या डोंगरकडेच्या गावात काढले. तिचा शब्द मोडणारा कुणी गावात जन्मला असेलच, तर तो तिच्याच हाताखालून गेलेला असणार. त्यानंतर, आयुष्याची शेवटची दोन वर्षं मात्र तिला कुणी बोलावलं नाही. ते का, तेच सांगायचं आहे.

माझी तिच्याशी पहिल्याच दिवशी जुंपली. माझ्या बायकोला, सुनंदाला, आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं, तेही ऐन पौषात. घर नवं, स्लॅबचं. पहाटे फरशीवर पाय ठेववत नसे. मी केजहून विजेचा हीटर आणला. मावशीने त्याच्याकडे नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

"ह्यो कावून आनला?"

"उबेसाठी. धूर नाही, राख नाही."

"वरवर भाजतंय. हाडात न्हाई जात. बाळंतीन हाय ती, पापड न्हाई."

सुनंदा हसली आणि माझी तिथेच हार झाली. तरी हट्टाने दोन दिवस मी हीटर चालवला. तिसऱ्या दिवशी गावची विजेची डीपी जळाली, आणि नवी बसायला आठवडा लागेल असं कळलं. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, आणा तुमची शेगडी."

जिंकल्याचं तिने तोंडावर दाखवलं नाही. अंगणात बाभळीचे कोळसे लालबुंद फुलवले, धूर पुरता सरल्यावर शेगडी बाजेखाली सरकवली, वर चिमूटभर ओवा टाकला. मग खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या आणि दाराच्या फटीला आतून गोधडी लावायला सुनंदाला सांगितलं. "वारं शिरलं की बाळंतीन जन्मभर कन्हती," म्हणत ती गेली. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. मी बाहेर वह्या तपासत बसलो.

दीडेक तासाने मावशी विसरलेली तेलाची वाटी न्यायला आली. दार ढकललं तर सुनंदा डोकं धरून पडलेली. "उठवत नाही हो मला," एवढंच म्हणाली. मावशीने बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. बाळ रडलं नाही. दुसरी मारली. ओठसुद्धा हलले नाहीत.

"मास्तर, खिडक्या उघडा. बायकूला भाईर काढा."

आणि ज्या वाऱ्याला ती जन्मभर भ्यायली, त्याच वाऱ्यात बाळाला घेऊन ती अंगणात धावली. मी खिडक्या उघडून सुनंदाला बाहेर आणलं. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही धारूरला निघालो. वाटभर ती टिचक्या मारत होती आणि पुटपुटत होती, "रड गं माय. लई न्हाई, येकदा रड." दवाखाना दिसायला लागला तेव्हा पोरगी बारीक आवाजात रडली. तेव्हा मीही रडलो.

डॉक्टर म्हणाले, हा कोळशाचा वायू. दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो.

"चाळीस वर्सं ठिवली शेगडी," मावशी म्हणाली. "कुनाला काय बी झालं न्हाई."

"घरं कसली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

ती सांगायला लागली. माळवदाची, छताला धूर जायला साणं ठेवलेली. पत्र्याची, कुडाची. सांगता सांगता ती थांबली. 

तीन दिवसांनी आम्ही घरी आलो. दोघी सुखरूप होत्या. मावशी आली, पण उंबऱ्याच्या आत येईना.

"मास्तर, वरल्या आळीत चार वर्सांमागं बारा दिसांची पोर गेली. समदे म्हनले, थंडीनं गेली. घर नवं हुतं, स्लॅबचं. शेगडी मीच ठिवल्याली."

"थंडीनेच गेली असेल, मावशी. आता कोण सांगणार?"

"सासू आजून सुनंला बोलती, पोरीचं पांघरून सरकू दिलंस म्हनून. मी तितं बसून ऐकलंय."

हे सांगायला तिथे जाऊ नका, म्हणून मी तिला परोपरीने विनवलं. गेलेलं लेकरू परत येणार नाही, आणि गावात तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही.

"नगं उभं करू द्या," म्हणून ती चालू लागली. मी मागोमाग गेलो. माझ्याच्याने राहवेना.

वरल्या आळीतल्या त्या घरी सासू ओसरीवर बसली होती, सून खाली मान घालून ज्वारी पाखडत होती. मावशी अंगणातच उभी राहिली. "बाई, तुज्या सुनंचं काय बी चुकलं न्हाई. पांघरून न्हाई, थंडी न्हाई. पोर माज्या शेगडीनं गेली."

सासूने आकाशपाताळ एक केलं. तोंडाला येईल ते बोलली. मावशीने पदरसुद्धा न सावरता सगळं ऐकून घेतलं.

सून सूप ठेवून उठली. आता हीही अंगावर येणार, असं मला वाटलं. तिने मावशीला दंडाला धरून ओसरीवर, सासूच्या शेजारी बसवलं. मग मान वर करून सासूकडे बघत ती नुसती उभी राहिली. सासूचं बोलणं मध्येच थांबलं.