घागर कुणाच्या डोक्यावर

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या अणदूरच्या बाजूला गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात जेवायला. आमचं स्वतःचं रान नव्हतं, पण मला ते कधी जाणवलं नाही. वडील ज्या मालकांकडं कामाला होते, त्यांच्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, वडीलच घालायचे. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे. मग आंबिलाची घागर डोक्यावर घेऊन, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असं ओरडत, आंबिल शिंपडत कोपीभोवती फिरायचे. मालक त्यांच्या मागं. "अय, हळू! सांडतोस की माझ्या अंगावर!" असं मालक खेकसायचे. मला ते खेकसणं फार आवडायचं.

मी धाराशिवला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. खर्च वाढला म्हणून आई-वडील दोन हंगाम ऊसतोडीला कर्नाटकात गेले. इकडं मालकांनी द्राक्षाची बाग लावली. छाटणीला बिहारहून आलेला एक जण त्यांच्या रानातच राहू लागला.

वर्गात सरांनी शिकवलं, की फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना देशानं कसं सामावून घेतलं, आणि पुढं पोटासाठी येणाऱ्यांकडं बघायची नजर कशी बदलत गेली. निजामाच्या राजवटीच्या अखेरीस आपल्याच भागातली माणसं जीव मुठीत धरून बार्शीकडं गेली, तिथं अनोळखी लोकांनी त्यांना गोठ्यात का होईना जागा दिली, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, पण आता ही लोकं आपली कामं खातात." सगळे माना वळवून त्याच्याकडं बघू लागले. मी खाली बघत राहिले. मला त्याचं पटायला नको होतं बहुतेक. पण पटलं होतं.

यंदा आईची कंबर धरली म्हणून दोघं उसाला गेले नाहीत. येळवसेला आम्ही तिघं रानात पोचलो, तर मालक लांबूनच म्हणाले, "या या, पाव्हणं! बसा, सतरंजीवर बसा."

वडील चपला काढून बसले. खरंच पाहुण्यासारखे, अंग चोरून.

कोप त्या बिहारच्या माणसानं घातली होती. ती बघून मला आनंद झाला, कारण ती चुकली होती. पांडवांची कोप कमरेएवढी असते. यानं माणूस पाय पसरून झोपेल एवढी घातली होती, आत वाळक्या गवताचं अंथरूणसुद्धा. आता याला बोलणी बसणार म्हणून मी वाट बघत राहिले.

मालक वाकले, आत डोकावले आणि हसत सुटले. "अरं बाबा, पांडवांना बसायचंय, तुला न्हाय झोपायचं!"

"पाँच आदमी हैं ना मालक," तो म्हणाला, "जागा तो लगेगी."

सतरंजीवरचे सगळे हसले. आईसुद्धा. मी मात्र कोपीकडं पाठ केली. आमच्या वडिलांना असं काही सुचलं नसतं.

मग मालकांनी घागर उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. वडील अर्धे उठले होते, ते परत खाली बसले.

तो मुकाट चालू लागला. "अरं, वरड की!" मालक म्हणाले.

"क्या बोलना है?"

"ओलगे ओलगे!" सतरंजीवरून वडील मोठ्यानं ओरडले. त्यानं तसंच म्हटलं. सगळ्या फेऱ्या तशाच झाल्या: वडील बसून ओरडायचे, तो चालत म्हणायचा.

"ती घागर तुमची होती," मी वडिलांच्या कानाशी म्हणाले.

"कर्नाटकात मागल्या येळवसेला तिथल्या बागायतदारानं माझ्या डोक्यावर दिली व्हती. म्या घेतली." मग ते म्हणाले, "तिथंबी एक गडी कडंला उभा व्हता."

मला त्या गड्याचं नाही, वडिलांचंच वाईट वाटत होतं.

जेवायला बसलो तेव्हा वाढायला तोच आला. "घ्या की ताई, लाजू नका," वाढण्यापुरतं उचललेल्या मराठीत, आमच्याच हेलात तो म्हणाला, जणू मीच बाहेरून आले होते. मी पालेभाज्यांच्या घट्ट भज्जीवर हात आडवा धरला. वडिलांनी ताट पुढं केलं.

"वाढ," ते म्हणाले. "आन् पुढल्या साली बारकी घाल कोप. म्या दावतो तुला."

पुढल्या साली आम्हाला बोलावणार का, म्हणून मी मालकांकडं बघितलं. ते बाजरीचा उंडा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.