दुपारची झोप आणि सकाळची गोळी

पुण्यात माणूस निवृत्त होतो तो दुपारी झोपण्यासाठी. बाकीची कारणं कागदावर लिहायला असतात. मी उभा जन्म सरकारी कचेरीत काढला; तिथे दुपारी जरा डोळा लागला की शेजारच्या टेबलावरून कोणीतरी मुद्दाम खाकरायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर मी ठरवलं, जग इकडचं तिकडे होवो, जेवण झालं की पडदे ओढायचे, बेलचा खटका बंद करायचा आणि चहापर्यंत कोणाच्या बापाला दार उघडायचं नाही.

तर गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझं उजवं कानशील ठणकायला लागलं. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ यायची, भाकरी चावताना जबडा दुखायचा. मी आधी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, कारण माझ्या मते जबडा म्हणजे दात. त्याने एक दाढ काढून दिली. कानशील ठणकत होतं ते ठणकतच राहिलं. शेवटी बायकोने हट्ट धरून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. या मोठ्या डॉक्टर म्हणजे वयाने माझ्या मुलीएवढ्या बाई निघाल्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, "काका, कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आहे. हे डोळ्यावर गेलं तर दृष्टी जाते, आणि गेली की परत येत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या देतेय. बरेच महिने घ्याव्या लागतील. रोज सकाळी, नाश्ता झाल्यावर. आणि मनाने बंद करायच्या नाहीत."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या थोडी बाजूला. तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाल्याला आता काही वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई, पण पेपरातलं अक्षर आता तिला लागत नाही. म्हणून रोज सकाळी चहाबरोबर मी तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती मधूनमधून संपादकाची वाक्यं दुरुस्त करते. आमच्या घरात वाचायला उपयोगी पडतील असे डोळे फक्त माझे. ते गेले तर दोघांचाही कारभार आटोपला.

गोळ्या सुरू झाल्या. कानशील लगेच शांत झालं, मला डॉक्टरबाईंबद्दल आदर वाटायला लागला. पण दुपारी आडवा झालो तर झोप नाही! डोळे टक्क उघडे. पडदे ओढलेले, बेल बंद, पंखा बेताचा, सगळी सिद्धता झालेली आणि मी आपला छताकडे बघतोय. दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच. डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या, गोळीने झोप थोडी उडेल. मग मी डोकं चालवलं. सकाळची गोळी दुपारच्या झोपेच्या मुळावर येते ना? मग ती रात्री जेवल्यावर घ्यावी. रात्री काय, आपण झोपलेलोच असतो. गोळीला कोण विचारतो!

इतका अक्कलवान माणूस कचेरीने वेळेवर निवृत्त केला हे देशाचं भाग्यच म्हणायचं.

दुपारची झोप परत आली, अगदी घोरण्यासकट. रात्रीची मात्र गेली, आणि नुसती गेली नाही, जाताना भीती ठेवून गेली. जरा डोळा लागतो न लागतो तोच मी धाडकन उठून बसायचो. छातीत धडधड, हातापायांना घाम, आणि एकच खात्री की आपण आत्ता मरतोय. पुढच्या मिनिटाला दुसरी खात्री, की मरत नाही, आंधळे होतोय. पाचावर धारण बसायची अगदी. मग मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात जायचो, दिवा लावायचो, एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पुटपुटत वाचायचो, मग दुसरा झाकून पुन्हा तेच. संकष्टी, प्रदोष, एकादशी. दिसतंय. आता खालची बारीक अक्षरं. तीही दिसताहेत. हुश्श म्हणून अंथरुणात शिरलो की शंका यायची, ती अक्षरं मी वाचली की मला पाठ झाली होती? पुन्हा उठायचं. एरवी मी कधी उपास केला नाही, पण त्या वर्षीच्या सगळ्या चतुर्थ्या मला तोंडपाठ आहेत.

बायकोला उठवत नव्हतो. काय सांगणार, मी घाबरलोय? खरं तर घाबरायला हवं तिने, आणि ती नाही घाबरत. एकदाच फार झालं तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात गेलो. ईसीजी चांगला आला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका." गोळी कधी घेता हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला कचेरीपासून सवय नाही.

शेवटी एका सकाळी पेपर बाजूला ठेवून मी जाहीर केलं, "आजपासून गोळ्या बंद. गेले डोळे तर गेले, असं रोज मरणं मला नको."

मला वाटलं ती रडेल, निदान चिडेल तरी. ती म्हणाली, "बरं. पण आधी डॉक्टरांना सांगून येऊ, मग काय बंद करायचं ते करा."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी सकाळीच घेता ना?"

"हो," मी म्हणालो.

"नाही हो," शेजारून आवाज आला. "रात्री जेवल्यावर घेतात. पाकिटाचा कागद फाटलेला ऐकू येतो ना मला. मला वाटलं, तुम्हीच बदलून दिली वेळ."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रात्री? कुणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"का पण?"

खोटं बोलायला काही सुचेना. "दुपारची झोप जात होती."

लहान मुलाकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुशिक्षित माणसाकडे असं बघणं फार वाईट. मग म्हणाल्या, "काका, गोळी सकाळी. बंद अजिबात करायची नाही, हळूहळू मी कमी करीन. आणि काही दिवस दुपारची झोप बंद." फाशीची शिक्षासुद्धा यापेक्षा घोळवून सांगतात.

रात्री एकदम सुधारल्या असं नाही, पण धडधड कमी होत गेली. दुपार मात्र खायला उठली. पहिल्याच दिवशी जेवून सवयीने आडवा झालो आणि बाईंची ती नजर आठवून उठून बसलो. तेवढ्यात गॅलरीतून कोणा बाईचा बारीक आवाज आला. आमच्या भागातलं पाणी गुरुवारी येणार नाही, असं काहीतरी ती सपाट सुरात वाचत होती. या वेळी घरात पाहुणी? मी उठून पाहायला गेलो.

खुर्चीत बायको एकटीच होती. कानाशी फोन धरलेला, आवाज अगदी बारीक केलेला. बोट चुकलं, फोन गाद्यांची जाहिरात वाचायला लागला. "नको गं बाई, मागे जा," असं ती त्याला म्हणाली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

ती दचकली. "फोन पेपर वाचून दाखवतो. शेजारच्या वहिनींनी शिकवलं. उच्चार भयंकर आहेत, पण कळतं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. "का? मी वाचतो ते पुरत नाही?"

"पुरतं हो."

"मग?"

"तुमचे डोळे जाऊ शकतात म्हणाल्या ना त्या. मग तुम्हाला पेपर कोणी वाचून दाखवला असता?"

मी तिच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. विचारलं, "कधीपासून शिकतेयस?"

"गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपायचात ना, तेवढाच वेळ मिळायचा."